मधली दोन वर्षं कुठे होतात?

परत आलो तेव्हा पनवेलच्या एसटी स्टँडवर आम्हाला घ्यायला एकटा मामा आला होता. जाताना अर्धी आळी निरोप द्यायला जमली होती. बायकांनी आईच्या ओटीत नारळ घातला होता, वडिलांच्या गळ्यात हार पडले होते. येताना मामाने आमची वळकटी खांद्यावर घेतली आणि हळू आवाजात म्हणाला, "मागच्या रस्त्याने जाऊ. बाजारातून नको."

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात किती पिढ्या गेल्या ते आमच्यापैकी कुणाला नीट सांगता येत नाही. पूर्वी तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. घरात मराठी, आईला नऊवारी, जेवणात नारळ आणि मासे. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत समाजातली माणसं इस्रायलला जायला लागली, तेव्हा वडिलांच्या मनानेही घेतलं. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी मुदतीआधी पेन्शन घेतली, राहतं घर शेजाऱ्याला विकलं. माझा बी.ए.चा निकाल लागला आणि महिन्याभरात आम्ही बोटीत बसलो. वडील, आई, धाकटी बहीण आणि मी.

तिथे आम्हाला कुणी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. वाळवंटाच्या कडेला पत्र्याच्या घरांची वसाहत होती, तिथे राहायला मिळालं. मी शेतातले दगड वेचले, झाडांची रोपं लावली, थोडीफार हिब्रू शिकलो. वडिलांच्या वयाच्या माणसाला काम नव्हतं. ते दारात स्टूल टाकून बसायचे. आईची मात्र झोपच गेली. जेवण तुटलं. भाषा येईना, म्हणून ती पाण्याला जायलाही भ्यायची. दुसऱ्या हिवाळ्यात ती इतकी खंगली की वडील एका सकाळी म्हणाले, "हिला इथे ठेवली तर ही राहायची नाही." मग बऱ्याच खटपटी केल्या, अर्ज केले, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या आणि आम्ही परत आलो.

मामाच्या घरामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार लागला. आई आठवडाभरात जेवायला लागली. आमचं जुनं घर त्याच आळीत होतं. तिथे आता दुसऱ्यांचे कपडे वाळत असायचे. वडील त्या बाजूने जायचं टाळत. घर चालवायला आता मला नोकरी हवी होती, आणि ती लवकर हवी होती.

पहिली मुलाखत अलिबागला एका सरकारी कचेरीत होती, कारकुनाच्या जागेसाठी. पहाटेची एसटी धरून गेलो. मामाचा कोट घातला होता, तो खांद्यात सैल होता. टेबलामागे तीन साहेब बसले होते. मधल्या साहेबांनी माझं सर्टिफिकेट पाहिलं आणि विचारलं, "बी.ए. होऊन बराच काळ झाला की. मधली दोन वर्षं कुठे होतात?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न सोपा आहे. मी सांगितलं, "इस्रायलला होतो. घरच्यांबरोबर."

उजव्या बाजूचे साहेब म्हणाले, "ते कुठे आलं?" मधल्यांनी त्यांना हळूच समजावून सांगितलं. मग तिघांनीही माझ्याकडे नव्याने पाहिलं.

"कशासाठी गेला होतात?"

"राहायला."

"मग आलात का परत?"

"आईला तिथलं मानवलं नाही."

मधले साहेब हसले. वाईट हसले असं नाही. "उद्या पुन्हा जाल."

"नाही साहेब. आता नाही."

"जातानाही परत यायचं नाही म्हणूनच गेला असाल ना?"

मी कोटाची बाही सारखी केली. तेवढ्यात तिसऱ्या साहेबांनी, जे तोवर गप्प होते, अगदी सहज विचारलं, "तुम्ही सध्या नागरिक कुठले?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मी पनवेलला जन्मलो, पनवेलच्या शाळेत शिकलो, खाडीत पोहायला शिकलो. मी कुठला? "इथलाच," मी म्हणालो, पण आवाज माझा मलाच खोटा वाटला. येताना बसमध्ये पेणपर्यंत मी त्या एका प्रश्नाशी झटत होतो. तिकडे पोचताच आम्हाला कागद दिले होते, त्यांवर आम्ही सह्या केल्या होत्या. त्यांत काय लिहिलं होतं ते त्या भाषेत मला तेव्हा वाचताही येत नव्हतं. आपण सही करून इथलेपण सोडून तर आलो नाही? सोडलं असेल तर इथे राहायला तरी आपल्याला परवानगी आहे का?

ती नोकरी मिळाली नाही. त्याचं मला फार वाटलं नाही, कारण त्याच आठवड्यात एक हवालदार सायकलवरून आमच्या दारात आला.

मी बाजारात गेलो होतो. घरी आई एकटी होती. मी आलो तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि समोर पाण्याचा भरलेला तांब्या तसाच होता.

"पोलीस आला होता," ती म्हणाली. "तुझं नाव घेऊन विचारत होता. कधी आला, कुठून आला, काय करतो. मी म्हटलं, मुलगा बाहेर गेलाय. तो म्हणाला, परत येईन."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. पाणी विचारलं तर नको म्हणाला." मग आईने माझा हात धरला. "आपल्याला पुन्हा तिकडे पाठवणार का रे?"

वडील घरी आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि कडी लावून घेतली. भर दुपारी आमच्या घराला कडी कधी नसायची. त्यांना वेगळीच धास्ती होती, पेन्शन बंद होण्याची. तेवढ्यावर आम्ही चौघं जेवत होतो. त्या दिवसापासून आळीत सायकलची घंटा वाजली की आमच्या घरातलं बोलणं थांबायचं. आई दाराआड उभी राहून फटीतून बघायची. दूधवालाच आहे असं दिसलं की ती पुन्हा चुलीकडे जायची आणि आम्ही अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचो.

हवालदाराचं येणं आणि माझी अलिबागची मुलाखत यांचा काही संबंध होता का, हे मला आजही ठाऊक नाही. मामाला मात्र शंकाच नव्हती.

"तूच सांगून आलास त्यांना!" तो म्हणाला. मामा लष्करी इस्पितळात कंपाउंडर होता, नुकताच निवृत्त झाला होता, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे काढा तयार असायचा. "सरकारी माणसासमोर परदेशाचं नाव काढतात का? आता विचारलं तर सांगायचं, आजारी होतो. टायफॉईड झाला, मग अशक्तपणा राहिला. संपलं. आजाऱ्याला कुणी पोलीस धाडत नाही."

वडील म्हणाले, "खोटं कशाला?"

"मग खरं बोलून काय मिळालं?" मामाने विचारलं.

दुसरी मुलाखत मुंबईला फोर्टमध्ये, एका खाजगी कंपनीच्या ऑफिसात होती. वर पंखा फिरत होता तरी मला घाम फुटला होता. प्रश्न आलाच. "मधली दोन वर्षं कुठे होतात?"

"आजारी होतो," मी म्हणालो.

समोरच्या गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला. तोंडावर धरला नाही, नुसता हातात ठेवला. "काय आजार?"

"टायफॉईड."

"दोन वर्षं?"

"नंतर अशक्तपणा होता."

ते खुर्ची थोडी मागे सरकवून बसले. "कुठे होतात, पाचगणीला? की मिरजेला?" म्हणजे क्षयाच्या रोग्यांच्या इस्पितळात. मला ते कळायला एक क्षण लागला. मी घाईघाईने नाही नाही म्हणालो, आणि तेवढ्यात घसा कोरडा पडल्यामुळे मला खोकला आला. तो थांबेना. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. शिपायाने पेला टेबलावर माझ्यापासून लांबच ठेवला. "छातीचा फोटो काढून घ्या," ते गृहस्थ ममतेने म्हणाले, "आणि विश्रांती घ्या. तब्येत आधी."

त्या ऑफिसात आमच्याच समाजातला एक कारकून होता. मी त्याला ओळखत नव्हतो, पण तो मला ओळखत होता. त्याच सुमारास माझ्या बहिणीचं लग्न पेणच्या एका घरात ठरत आलं होतं, आणि हा त्यांचा नातलग निघाला. पुढच्या शनिवारी आमच्या प्रार्थनामंदिरात मी गेलो तर माझ्या बाजूचा बाक रिकामा राहिला. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग एक म्हातारे गृहस्थ येऊन बसायला लागले, त्यांनी मला पाहिलं आणि दोन बाक पुढे गेले.

दोन दिवसांनी मुलाची आत्या "सहज" म्हणून आमच्याकडे आली. आईने चहा केला. आत्याबाईंनी कप हातात घेतला, आतून बाहेरून बघितला आणि तसाच खाली ठेवला. "मला पित्त आहे," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा माझ्याकडे वळत. मी कोपऱ्यात बसलो होतो. चुलीचा धूर खोलीत भरला होता आणि घशाशी खवखव सुरू झाली होती. मी श्वास रोखून धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण आतल्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर मला अजून आठवते.

आत्याबाई गेल्यावर ती माझ्याजवळ आली. सतरा-अठरा वर्षांची पोर. "दादा," ती म्हणाली, "लोकांसमोर खोकू नकोस हं. माझ्यासाठी."

मी बरं म्हणालो. आणि त्या दिवसापासून मला खोकला येतच राहिला.

मला कशाची भीती वाटत होती ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिकडे आमच्या शेजारच्या पत्र्याच्या घरात एक म्हातारा राहायचा. रोज सकाळी तो भिंतीला धरून खोकायचा आणि मी त्याला कितीदा उचलून आत नेलं होतं. त्याच्या कपातून चहाही प्यायलो होतो. मी सांगितलेलं खोटं खरं असलं तर? आपण आजारी होतो असं नव्हे, आपण आजारी आहोतच, आणि हे फक्त आपल्यालाच ठाऊक नाही? मी माझं ताट वेगळं ठेवायला लागलो. आईने विचारलं तर म्हणायचो, उगाच. थुंकी पडली की रक्त दिसतं का म्हणून पायाने माती सारून बघायचो. अंगाला हात लावून ताप बघायचो, आणि उन्हात उभा राहिलेल्या माणसाचं अंग गरमच लागायचं.

शेवटी मी मामालाच म्हणालो, "मला छातीचा फोटो काढायचाय."

मामाचा चेहरा उतरला. आपल्या काढ्याने काय करून ठेवलं ते त्याला तोवर कळलं होतं. तो मला मुंबईला त्याच्या जुन्या इस्पितळात घेऊन गेला. थंडगार पत्र्याला छाती टेकवून उभं केलं, श्वास घ्या म्हणाले, धरून ठेवा म्हणाले. फोटो मिळायला दोन दिवस लागणार होते. ते दोन दिवस आम्ही मामाच्या एका मित्राकडे राहिलो. मामाने त्या दोन दिवसांत कुणालाही काढा सुचवला नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं की निघालं तर घरी जायचंच नाही. कुठे जायचं ते मात्र ठरवता येत नव्हतं. आपण आता कुठल्याच गावाचे उरलो नाही, असं वाटत होतं.

डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. "खोकला का येतो? धूम्रपान?"

"नाही."

"मग काळजी करता."

मामा तिथेच बाकावर बसला आणि त्याने डोळे पुसले.

परतताना आम्ही पनवेलला न उतरता तसेच पेणला गेलो. मामाने मुलाच्या घरी ओसरीवर फोटो काढून दाखवला आणि फौजी आवाजात सगळं सांगितलं, की आजार बिजार काही नाही, ही अक्कल माझी होती, पोरगा दोन वर्षं आईबापांबरोबर इस्रायलला होता. मी खाली मान घालून उभा. आता लग्न मोडतं की राहतं, एवढंच माझ्या मनात.

मुलाच्या वडिलांनी फोटो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "हे आधी सांगायचं ना!" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलाने मला परसात बोलावलं. विहिरीजवळ उभा राहून त्याने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "तिथे खरंच कसं आहे? गवंड्याला काम मिळतं? मी दोन वर्षं विचार करतोय."

तेव्हा मला कळलं की ज्या गोष्टीसाठी आम्ही कडी लावून बसलो होतो, तीच या घराला हवी होती. लग्न राहिलं. पण हे आईला कसं सांगायचं, याची नवी धास्ती मी घरी घेऊन आलो. आईने ऐकलं आणि तिच्या हातातलं सूप खाली आलं. "म्हणजे माझी पोर तिकडे जाणार," ती म्हणाली. त्यानंतर लग्नाच्या तयारीत तिने एकदाही हरकत घेतली नाही. फक्त आमच्या समाजात ज्याला नवस बोलतात त्या नबीच्या नावाने मलिदा, गोड पोह्यांचं ताट, करायचा नवस बोलली. कशासाठी ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

नोकरी मात्र अजून नव्हतीच. तेवढ्यात खाडीकडच्या एका गावात गावकऱ्यांनी हायस्कूल काढल्याचं कळलं. इंग्रजी आणि इतिहास शिकवायला पदवीधर हवा होता. मी चालत गेलो. वाटेवर मिठागरं, उन्हात डोळे दिपवणारी. खरं बोललो तर पोलीस आले होते, खोटं बोललो तर क्षय झाला होता. तिसरं काही शिल्लक राहिलं नव्हतं. दोनदा मी वाटेतूनच मागे फिरलो, आणि दोन्हीदा पुन्हा वळलो.

शाळा म्हणजे देवळामागची लांब पडवी. हेडमास्तर तरुण होते, त्यांच्या बाजूला कमिटीचे अध्यक्ष बसले होते. ते गावातले मिठागरवाले आगरी, वयस्कर, डोक्याला मुंडासं. हेडमास्तरांनी विषयाचं विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. शब्द तेच होते.

मी हात मांडीखाली घातले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बोट, दगड, आईची झोप, अलिबाग, हवालदार, मामाचा टायफॉईड, छातीचा फोटो. शेवटी म्हणालो, "मी नागरिक कुठला हे मला नक्की माहीत नाही. पोलीस पुन्हा येतील. ते शाळेतही येतील कदाचित. हे तुम्हाला आधी कळलेलं बरं."

हेडमास्तर अवघडले. अध्यक्ष मात्र मुंडाशाखाली खाजवत माझ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "पोलीस आमच्या गावात बी येऊन गेलं हायेत, सत्याग्रहाच्या टायमाला. त्याला लय वरसं झाली. त्याची भीती तू आमाला नको सांगू." मग थोडं थांबून म्हणाले, "तिकडं दगूड येचलंस, झाडं लावलीस. मंग आलास कनाला?"

"आईसाठी."

"आन आता जानार?"

मी कधीच जाणार नाही असं म्हणायला तोंड उघडलं. पण अलिबागच्या साहेबांचं बोलणं आठवलं. "माहीत नाही," मी म्हणालो. "आता तरी जायचं नाही."

"जायचा झाला तर आदी सांग. वर्गाच्या मधी सोडून जाऊ नको. पोरांचा वरीस फुकट जातं. आमाला दुसरा काय नाय."

"सांगेन."

"मंग उद्यापासून ये."

एका वर्षापुरतीच नेमणूक होती. पुढच्या वर्षी पुन्हा एका वर्षापुरती. दर उन्हाळ्यात मला वाटायचं, या खेपेला नाही. हवालदार आला, तो जवळजवळ वर्षभराने. नवीनच कुणीतरी होता. त्याने शाळेच्या पडवीत बसून चार प्रश्न विचारले, माझी सही घेतली, अध्यक्षांनी पाठवलेलं ताक प्यायला आणि गेला. पोरं पडवीच्या दुसऱ्या टोकाकडून बघत होती. मी वर्गात परतलो आणि फळ्यावरची तारीख पुसून पुन्हा तीच लिहिली. त्यानंतर कुणी आलं नाही. बऱ्याच वर्षांनी माझ्या नावाचा भारताचा पासपोर्ट हातात पडला, तेव्हा कुठे ती शंका फिटली.

बहीण लग्नानंतर तीन वर्षांनी गेली. नवरा आधी गेला होता, मग ती मुलाला घेऊन निघाली. आम्ही सगळे बंदरावर गेलो. आई रडली नाही. तिने नातवाच्या अंगावर तीन स्वेटर चढवले होते, उन्हाळा असूनही, आणि ती बहिणीला एकसारखं सांगत होती, "पाण्याला जाताना भिऊ नकोस. भाषा नाही आली तर हाताने दाखव. लोक समजून घेतात, मीच दाखवलं नाही." हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बोट सुटल्यावरही ती धक्क्यावर उभी होती. वडील म्हणाले, चल. ती म्हणाली, "थांबा, अजून तिचा पदर दिसतोय." पदर दिसत नव्हता. आम्ही तिघंही तिथे थांबलो.